दोन बोटं माया

तळपणला, नदी जिथे समुद्राला बिचकते
तिथे माझी शेड. पत्र्याची.
उभ्याने वल्हवायच्या फळ्यांसाठी
मी वल्ही जोडते.
खाली पातं, मधे दांडा, वर आडवी मूठ.
तीन तुकडे. प्रश्न एवढाच,
कुणी कुणाला किती धरून ठेवायचं.

मडगावच्या विक्रेत्याने दोन नळ्या टेबलावर ठेवल्या.
बाई, इपॉक्सी घ्या. एकदा लावलं की जन्माचं.
मी म्हटलं, तीच तर अडचण.

माणसं काय एका मापाची येतात?
वल्हं उभं धरायचं, हात डोक्यावर ताणायचा,
मूठ मनगटाला लागली की झालं माप.
पण कोण कोपराएवढं, कोण माडाएवढं,
आणि कोण गेल्या वर्षी आलं तेवढं राहिलेलं नसतं.

म्हणून गरम गोंदाच्या कांड्या मागवल्या.
एक दुधी, एक काळपट, एक मधाच्या रंगाची.
दांड्याचं तोंड पॉलिश पेपरने खरवडलं, स्पिरिटने पुसलं,
प्रत्येकीने एकेक मूठ बसवली
आणि मे महिन्यात, भर दुपारी,
सान्तानच्या पिकअपमध्ये काचा चढवून ठेवून दिली.

चार वाजता दार उघडलं.
दुधी मूठ फिरत होती, बरणीचं झाकण फिरावं तशी.
काळी ढिम्म.
तिच्यावर आधण ओतलं, हेअर ड्रायर धरला,
शेवटी दांड्यालाच जळका वास सुटला
तरी ती आपली काळी.
मधाळ मात्र उन्हात जागची हलली नव्हती,
पण चहाच्या पातेल्यात दोन मिनिटं बुडवली
तशी हळूच सुटून आली,
फणसाच्या चिकासारखे धागे ओढत.
(हाताला खोबरेल आधीच लावलं होतं. सवय.)

वहीत लिहिलं:
मधाच्या रंगाची.
उन्हाला बधत नाही. मागितलं तर सोडते.
सान्तान वाचून म्हणाला, हे गोंदाचं लिहिलंयस ना?

इपॉक्सीने मी एकच वल्हं जोडलंय. पहिलं.
घाईत. एका रेषेत आहे का ते न बघता.
मूठ पात्याशी जराशी तिरकी बसली, बसली ती बसली.
ते मीच वापरते. आता हाताला तोच तिरकेपणा सरळ वाटतो,
दुसरं कुठलं घेतलं की फळी डावीकडे जाते.
अशी आणखी एक-दोन जोडकामं माझ्या नावावर आहेत,
त्यांचा इथे विषय नाही.

याआधी मी चावडीवर गणवेश शिवायची.
जूनमध्ये आया पोरांना पुढे ढकलून सांगायच्या,
माया ठेव गं, दोन वर्षं जायला हवेत.
मी ठेवायची. आत, दुमडून,
बाहेरून कुणाला दिसणार नाही अशी.

तसंच मुलांच्या वल्ह्यांचं.
मुठीचा दांडा मी जास्तच आत सारते,
दोन बोटं, कधी चार.

परवा शेजारचा इनास आला. अकराचा तेरा झालाय.
वल्हं माझ्यापुढे टाकून म्हणतो, हे आखडलं.
वल्हं नाही रे आखडलं.
पाणी उकळायला ठेवलं,
मूठ सुटली, जुना गोंद नखाने सोलला,
नवी कांडी वितळवून चारी बाजूंनी फिरवली,
दोन बोटं बाहेर ओढली.
आत अजून किती उरलंय, त्याने विचारलं.
पुरेल, म्हटलं. विचारू नये असं.

आता गोंद थंड व्हायला तीस सेकंद.
तेवढ्यात काय ते सरळ करायचं.
मी एक डोळा मिटून मुठीवरून पात्याकडे बघते,
खाली टोक त्याने धरलंय.
हलू नको, म्हणते मी,
आणि तो हलतो.